तरणा पाऊस, म्हातारा पाऊस आणि आठ वाट्या

मृगाची पहिली सर पडून गेली की कर्जत स्टेशनबाहेर काही बायका फडकी पसरून बसतात. त्यांच्यातल्या एका ठाकर मावशींकडे त्या सकाळी शेवळांच्या पाच जुड्या होत्या. माझ्या मित्राने पाचही उचलल्या आणि पैसे पुढे केले. मावशींनी हात पुढे केला नाही.

"काकडं कुठायत?"

"काकडी घरात आहे," मित्र म्हणाला.

मावशींनी त्याच्याकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. "काकडं नाय घेत तर शेवळं नाय देत. घसा धरला की मंग माझ्या नावानं बोंबलाल." आणि शेजारच्या टोपलीतून बोराएवढ्या हिरव्या फळांचे दोन वाटे त्याच्या पिशवीत टाकले. ती काकडाच्या झाडाची फळं. तोंड वाकडं करायला लावतील इतकी आंबट.

शेवळं म्हणजे सुरणाच्या भावकीतल्या एका रानकंदाचा फुलोरा. वर्षभर कंद जमिनीत निजलेला असतो. पावसाची चाहूल लागली की आधी जांभळट कोंब वर येतो, पान नंतर. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि तेच घशाला टोचतात. म्हणून वरचं आवरण काढायचं, आतला पिवळ्या कण्यांचा भाग टाकून द्यायचा, उरलेलं बारीक चिरून काकडाच्या आंबटात शिजवायचं. दोन्ही एकाच पंधरवड्यात, एकाच रानात येतात. आठ वाट्यांच्या मेनूतली पहिली वाटी तिथे फुटपाथवर ठरली, आणि ती माझ्या मित्राने ठरवली नव्हती.

या मित्राला मी इथे आचारी म्हणणार आहे. शेफ म्हटलं की तो हल्ली स्वतःच हसतो. हॉटेल मॅनेजमेंट शिकून त्याने मोठ्या हॉटेलांच्या मुदपाकखान्यात बारा-पंधरा वर्षं काढली. मग कर्जतच्या आत, उल्हास नदीपासून हाकेच्या अंतरावर एक जुनं कौलारू घर भाड्याने घेतलं. पावसाळाभर दर शनिवारी रात्री बारा माणसं आणि आठ पदार्थ, एकामागून एक, असा त्याचा बेत होता. माल कर्जत तालुक्यातला, आणि लागलंच तर रायगडच्या किनाऱ्यावरचा. मृगापासून गणपतीपर्यंत मी त्याच्याकडे चार वेळा राहून आले. कधी पानावर बसले, बहुतेक वेळा भाज्या निवडायला.

आधी नावाचा घोळ. 'टेस्टिंग मेनू'ला मराठीत धड शब्द नाही. चाखणी म्हणावं तर ती ओट्यापाशी उभ्याने, डावाच्या टोकावरून, मीठ बघायला करतात. चाखणं म्हणावं तर त्याचा चकणा व्हायला वेळ लागत नाही. आचाऱ्याने शेवटी 'आठ वाट्या' एवढंच म्हणायचं ठरवलं.

ही पद्धत आजच्या रूपात आपल्याकडे आली ती फ्रान्सवरून. 1973 साली गो आणि मिओ या दोन खाद्यसमीक्षकांनी 'नूव्हेल क्विझिन'ची दहा सूत्रं मांडली. जड सॉस आवरा, शिजवणं कमी करा, बाजारात ताजं काय आहे ते आधी बघा, असा त्यांचा रोख होता. त्याच्या दोन वर्षं आधी, 1971 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे अॅलिस वॉटर्स यांनी 'शे पानीस' सुरू केलं होतं. तिथे रोज एकच ठरलेला मेनू असे आणि तो त्या दिवशी आलेल्या मालावर बेतलेला असे. कोपनहेगनचं 'नोमा' 2003 सालचं. पुढे त्यांनी वर्षाचे तीनच ऋतू केले: समुद्राचा, भाजीपाल्याचा आणि रानातल्या शिकारीचा. मुंबईत 2016 मध्ये महालक्ष्मीच्या जुन्या गिरणीच्या आवारात 'मास्क' उघडलं. टेस्टिंग मेनू सोडून दुसरं काही मागायची सोयच तिथे सुरुवातीला नव्हती, आणि देशी मालावर त्यांचा भर होता. एवढा इतिहास पुरे. मला त्यातलं जपानचं प्रकरण जास्त जवळचं वाटतं, त्याकडे येतेच.

आचाऱ्याची पहिली अडचण मांडणीची होती. मराठी ताट हा जागेचा हिशेब आहे. मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मध्ये भाताची मूद. तोंडी लावणं तोंडी लावायला तयार असतं. कडू झालं तर शेजारी गोड आहे, सपक वाटलं तर तिखट आहे. घासाघासाला जेवणारा स्वतः ठरवतो. वाटीमागून वाटी आली की हे स्वातंत्र्य त्याच्या हातून जातं. भारंगीची कडू भाजी एकटी पुढ्यात आली की ती नुसती कडू लागते. ताटात ती कडू लागत नाही, कारण तिच्या उशाला वरण-भात असतो.

"पण पंगतीत क्रम असतोच की," मी म्हटलं. वरणभात आधी, मग पोळी किंवा पुरी, मसालेभात, पक्वान्नाचा आग्रह, आणि शेवटी मागचा भात ताकाबरोबर. वाढपी पुढे सरकतो त्या गतीने जेवण पुढे सरकतं. फरक इतकाच, की इथे आग्रह आहे आणि तिकडे माप. आठ वाट्या, प्रत्येकी साठ ग्रॅम धरलं तरी अर्ध्या किलोला जेमतेम वीस ग्रॅम कमी. वाढप्याला "नको नको" म्हणायची सोय आहे, आचाऱ्याच्या वाटीला "अजून वाढ" म्हणायची नाही. मला विचाराल तर या प्रकारातलं खरं परकेपण तेवढंच आहे.

आचाऱ्याने पंगतीचा क्रम जसाच्या तसा उचलला. गोड पाचव्या वाटीला, शेवटी ताकभात. पहिल्या शनिवारी पाचव्या वाटीत जांभळाचा घट्ट रस आणि वर ओल्या नारळाचं दूध आलं. बारापैकी नऊ जणांनी ती संपवून रुमालाला हात पुसले, एक बाई पर्स घेऊन उभ्याही राहिल्या. तीन वाट्या अजून यायच्या होत्या. घरी ज्यांनी जन्मभर ताकभाताने जेवण संपवलं, त्यांनाही हॉटेलात गोड आलं की जेवण संपलं असं वाटतं. आचाऱ्याने क्रम बदलला नाही. पाचवी वाटी ठेवताना "अजून मागचा भात आहे" एवढं सांगायला लागला.

दुसरी अडचण मला निवडायला बसल्यावर कळली. टाकळा, कुर्डू, कवळा, भारंगी, फोडशी हातात घेतल्या की एकेकीचं पान, देठ, वास वेगळा. टाकळा चोळला की उग्र दर्प येतो. फोडशी बघणाऱ्याला गवतच वाटावी. कवळ्याची पानं लाजाळूसारखी बारीक. आणि शिजल्या की सगळ्या काळपट हिरव्या, ओल्या, मूठभर. मोठी जुडी वाटीभरही उरत नाही. अशा आठ वाट्या ओळीने मांडल्या तर खाणाऱ्याला आठ वेळा एकच पालेभाजी खाल्ल्यासारखं होईल. स्थानिक मालाचं कौतुक करणारे लेख ही गोष्ट सांगत नाहीत. रान उदार असतं, पण जेवणाऱ्याला कंटाळा येणार नाही असं वाण ते एका पंधरवड्यात देत नाही.

म्हणून टाकळ्याचा कोवळा शेंडा तेवढा घेऊन तांदळाच्या पिठात वडी केली, कुरकुरीत. फोडशीचा देठाकडचा पांढरा भाग काढून उरलेल्या पातीची बेसन लावून मुटकी वाफवली. भारंगी उकडून, पिळून, पाणी फेकून, मूगडाळीत. तीही एकटी नाही. तिच्या बशीत चमचाभर मऊ भात आणि तुपाचा थेंब, म्हणजे हरवलेलं ताट थोडं परत आणलेलं. ती तिसरी वाटी. आंबट शेवळांनंतर आणि सुक्या मासळीच्या आधी. आंबटानंतर लगेच कडू आलं की ते जिभेवर फार रेंगाळतं, म्हणून मध्ये दुसरी वाटी पेजेची. गरम, मिठाची, बाकी काही नाही. लोकांना ती पेज सगळ्यात आवडली, याचं आचाऱ्याला थोडं वाईट वाटलं.

शेवळं त्याने सोड्यांबरोबर केली. ही काही त्याची कल्पना नव्हे. सीकेपी घरांत शेवळांची कणी करतात, कोलंबीही घालतात. पण मृगात ओली कोलंबी आणायची कुठून? महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै, म्हणजे 61 दिवस, यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. म्हणून त्या दिवसांत किनाऱ्यावरच्या घरांत सोडे, सुकट, सुके बोंबील निघतात. ते उन्हाळ्यात खारवून-वाळवून ठेवलेले असतात. त्याच उन्हात आमसुलं वाळतात, कोकमाचं आगळ भरलं जातं, सांडगे आणि कुरडया होतात, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या आढ्याला टांगल्या जातात.

इथे आचाऱ्याच्या डोक्यातला एक मोठा खिळा निघाला. हॉटेलच्या जगात 'सीझनल' म्हणजे ताजं, काल खुडलेलं. आपल्याकडे पावसाळ्याचं जेवण निम्मं वैशाखात तयार झालेलं असतं. तांदूळसुद्धा मागच्या सालचा. तो जुना म्हणूनच मोकळा शिजतो. साठवणीचं फडताळ हाही ऋतूचाच भाग. त्याने पहिलं कार्ड छापलं तेव्हा वर "आजच्या रानातून" असं लिहिलं होतं. दुसऱ्या शनिवारी ते काढलं.

आता जपान. तिथल्या काईसेकी या एकामागून एक येणाऱ्या पदार्थांच्या जेवणात ऋतू हाच यजमान. एकाच जिन्नसाच्या तीन वेळा ते मानतात: नुकता आलेला, ऐन बहरातला आणि जाता जाता रेंगाळणारा. त्यांच्या जुन्या पंचांगात वर्षाचे 72 बारीक ऋतू आहेत, एकेक पाच दिवसांचा. आचारी हे मला मोठ्या कौतुकाने सांगत होता. शेजारी त्याच्या घरमालकाचे वडील, ऐंशीच्या घरातले, सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "आमची नक्षत्रं काय वाईट आहेत?"

नव्हतीच. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. 7-8 जूनला मृग, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा. शेतकऱ्याच्या तोंडी पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. पेरणी, लावणी, बेणणी याच हिशेबाने बोलली जाते. रानभाजीही याच हिशेबाने येते. शेवळं मृगाची. टाकळा कोवळा तोवर खायचा, थोरला झाला की चरबट लागतो. कंटोळी तरण्या पावसानंतर. वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, म्हाताऱ्या पावसात. ते रात्रभर भिजत घालायचे आणि उकळून पाणी टाकायचं, कारण कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. चाई या रानवेलाचा मोहोर आणखी पुढे. शेवळं आणि चाई एका कार्डावर येणं शक्यच नाही. फ्रीझर वापरला तर येतील, पण मग कर्जतला यायचं कशाला?

तेव्हापासून कार्डं नक्षत्रावर निघाली. एक नक्षत्र, दोन शनिवार, मग नवं कार्ड. छापणं बंद, पेन्सिलीने लिहिणं सुरू. आर्द्रेच्या दुसऱ्या शनिवारी टाकळ्यावर फुली मारून वर कुर्डू लिहिलेलं कार्ड माझ्याकडे अजून आहे.

कंटोळ्यांनी त्याला वेगळंच शिकवलं. या वेलात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, म्हणून वाफ्यात बी टोचून मोकळं होता येत नाही. किती वेलांना फळ धरेल ते आधी कळत नाही. त्याने एका शेतकऱ्याकडे चार किलोची मागणी नोंदवली होती. आली दीड किलो. बारा माणसांना वाटीभर काप जाईनात, म्हणून पातळ चकत्या करून तव्यावर खरपूस केल्या आणि माणशी पाच-सहा चकत्या वालाच्या बिरड्यावर ठेवल्या. ही त्या पावसाळ्यातली सगळ्यात चांगली वाटी झाली. भरपूर मिळाली असती तर तो ती भरून, तळून, रस्सा करून बिघडवून बसला असता, असं माझं मत. ते मी त्याला सांगितलेलं आहे.

एक पदार्थ त्याने केला आणि काढून टाकला. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यातले मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, शेतात शिरतात. वलगणीचे मासे. रायगड-ठाण्यात त्यांच्यावर जीव टाकणारी माणसं आहेत, मीही त्यातलीच. गाबोळीने पोट फुगलेलं असतं आणि चव तीच असते. पण ते अंडी घालायला चढतात. गावातल्या चार घरांनी टोपलीभर धरले तर ओढ्याला फरक पडत नाही. शहरातून दर शनिवारी बारा माणसं त्यासाठीच यायला लागली तर पडेल. "कार्डावर नाव आलं की त्याचा भाव होतो," तो म्हणाला, आणि त्या वाटीत जवळ्याची चटणी आली.

भाव हा शब्द निघालाच आहे तर बोलून टाकते. त्याच्या एका पानाचे अडीच हजार रुपये होते. टाकळ्याची जुडी वीस रुपयांना येते. मधल्या रकमेत घरभाडं, तीन माणसांचे पगार, गॅस, फुकट गेलेले शनिवार हे सगळं आहे, मला मान्य आहे. तरीही आकडे शेजारी ठेवले की घास अडतो. टाकळा, कुर्डू, तांदुळजा ही शहरात हौस आहे. पाड्यावर धान्याची कणगी रिकामी झालेल्या दिवसांत ती पोट भरायची सोय होती. कुठल्या घरात काय शिजलं, का शिजलं आणि ते इतरांच्या पुस्तकांत का आलं नाही, हे शाहू पाटोळ्यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मध्ये मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाण्याबद्दल लिहिलं आहे. ते वाचलेल्या माणसाला "फोरेज्ड" हा शब्द मेनूवर दिसला की कसंसंच होतं. आचाऱ्याने दोन गोष्टी केल्या. मावशी सांगतील तो भाव, घासाघीस नाही. आणि माल न्या अगर न न्या, ठरलेले पैसे द्यायचे. हे पुरेसं आहे असं तोही म्हणत नाही.

ऋषिपंचमी भाद्रपद शुद्ध पंचमीची, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरलेल्या जमिनीतलं काही नाही, हाताने लावलेलं किंवा आपोआप उगवलेलं तेवढंच. आळू, माठ, भेंडी, पडवळ, दोडका, भोपळा, सुरण, मक्याचं कणीस, आंबाडे, सगळं एका पातेल्यात. मसाला नाही, फोडणीही बऱ्याच घरांत नाही. हिरवी मिरची, खोबरं, आंबटाला चिंच किंवा आंबाडा. काही घरांत एकवीस भाज्या मोजून घालतात.

आचाऱ्याला वाटलं, त्याच्या मेनूचा कळस हाच. त्याने त्या भाजीच्या आठ वाट्या करायचं ठरवलं, एकेक भाजी सुटी करून. आळूचा अर्क एका वाटीत, सुरणाचा काप दुसऱ्या, मक्याचं दूध तिसऱ्या. शुक्रवारी रात्री आम्ही चौघं ते चाखायला बसलो. प्रत्येक वाटी नीट जमली होती. कुणीच काही बोललं नाही. घरमालकाच्या सूनबाईंनी शेवटची वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "छान आहे. पण आता हे सगळं एकत्र करा ना."

शनिवारी सात वाट्या नेहमीसारख्या गेल्या. सहाव्याच्या जागी टेबलाच्या मधोमध पितळी पातेलं आलं, डाव आत. सांगितलं एवढंच, की हवं तेवढं घ्या. बारा अनोळखी माणसं त्या संध्याकाळी पहिल्यांदा एकमेकांना वाढायला लागली. एकाने तीनदा घेतलं. माप त्या एका वाटीपुरतं मोडलं. सातव्या वाटीला कुणाला भूक उरली नव्हती, ताकभात निम्मा परत आला. आचारी परत आलेल्या वाट्या बघत उभा होता. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

मावशी एकदा जेवायला आल्या त्या त्याआधी, पुष्यात, एका मंगळवारी, सुनेला घेऊन. शनिवारी त्यांना वेळ नसतो, बाजार असतो. आचाऱ्याने आठही वाट्या केल्या. पहिली पुढ्यात आली तेव्हा मावशींनी सुनेकडे बघितलं. दुसरी आली तेव्हा विचारलं, "एवढंसंच? उपाशी ठेवता का माणसांना?" वास्त्यांवर मात्र थांबल्या. एक तुकडा तोंडात घोळवला. "पाणी एकदाच फेकलंस."

"दोनदा, मावशी."

"मंग तिसऱ्यांदा फेकायचं. कडू धरलाय."

तो आत गेला, वही घेऊन आला. हीच वही मला गणपतीनंतर निघताना दिसली, ओट्याच्या कडेला उघडी. पानांवर नक्षत्रांची नावं, प्रत्येकाखाली दोन-तीन ओळी. पुष्याखाली: वास्ते, पाणी तीनदा. आश्लेषेखाली: मोहोर तळताना पीठ पातळ. मघेखाली नुसतं: पातेलं. पहिल्या पानावर, पुढच्या मृगासाठी, शाईने लिहिलेली एकच ओळ होती.

आधी काकडं. मग शेवळं.